आडोशाला उभे राहिलेले मनोरे

सोमवार, १ नोव्हेंबर १९६५. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात पश्चिमेचा जोरदार वारा घोंगावत होता. पाँटिफ्रॅक्ट गावाजवळ, एअर नदीच्या काठी, फेरीब्रिज येथे कोळशावर चालणाऱ्या नव्या वीजकेंद्राचे बांधकाम सुरू होते. केंद्राचे आठ कूलिंग टॉवर दोन रांगांमध्ये उभे होते. कोराडी, चंद्रपूर किंवा परळीच्या औष्णिक वीजकेंद्रांजवळून जाताना दिसतात तसेच, कमरेत बारीक आणि तळाशी रुंद. प्रत्येकाची उंची सुमारे ११४ मीटर, म्हणजे पस्तीस-चाळीस मजल्यांच्या इमारतीएवढी.

त्या सकाळी वाऱ्याचे झोत ताशी १३५ किलोमीटरच्या घरात पोहोचले. काँक्रीटचे मनोरे हलताना डोळ्यांना दिसू लागले. मग एक मनोरा कोसळला, थोड्या वेळाने दुसरा आणि त्यानंतर तिसरा. सुमारे तासाभरात आठपैकी तीन मनोऱ्यांचा ढिगारा झाला आणि उरलेल्या पाचांनाही इजा झाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

पण चौकशीला आलेल्या अभियंत्यांना त्या ढिगाऱ्यांची जागा पाहून कोडे पडावे असे काही होते. वाऱ्याला छातीवर घेणारी पुढची रांग उभीच होती. पडलेले तिन्ही मनोरे मागच्या रांगेतले, म्हणजे पुढच्या मनोऱ्यांच्या आडोशाला असलेले होते.

आडोशाला वारा कमी लागतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. पावसाळ्यात छत्री उलटू लागली की माणूस भिंतीच्या आड होतो. मग इथे आडोशातलेच मनोरे का पडले? या प्रश्नाच्या उत्तराने इमारती आणि वारा यांच्याकडे पाहण्याची अभियंत्यांची पद्धत बदलली. आज मुंबई-ठाण्यात एका टॉवरच्या खिडकीतून दुसऱ्या टॉवरचे स्वयंपाकघर दिसते. अशा वेळी ते उत्तर सामान्य नागरिकालाही ठाऊक असायला हवे.

वारा नुसता ढकलत नाही

आधी एकट्या इमारतीचे पाहू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो. भारतीय मानकात यासाठी एक सोपे सूत्र आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. मुंबई आणि नागपूरसाठी मानकाने धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, पुणे आणि नाशिकसाठी ३९ मीटर. हा वेग म्हणजे मोकळ्या जागेत जमिनीपासून १० मीटर उंचीवर, तीन सेकंद टिकणारा आणि सरासरी पन्नास वर्षांतून एकदा अपेक्षित असलेला झोत.

४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. सूत्रात घातले, तर दाब येतो दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो वजनाइतका. तीस मीटर रुंद इमारतीच्या एका मजल्याच्या दर्शनी भागावर हा भार साडेदहा टनांच्या आसपास जातो, तोही आडवा. प्रत्यक्ष हिशेबात इमारतीचा आकार, उंची आणि परिसर यांनुसार हा आकडा बदलतो, पण अंदाज यावा म्हणून एवढे पुरे.

हा झाला समोरून बसणारा रेटा. इमारतीच्या बाजूंना आणि पाठीमागे मात्र वारा ढकलत नाही, तर ओढतो. कोपऱ्यावरून वळताना हवेचा प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. वादळात घराचे पत्रे आत न दबता वर उडतात, त्यामागे हीच ओढ असते.

तिसरी गोष्ट भोवऱ्यांची. पुलाच्या खांबामागे नदीच्या पाण्यात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असे भोवरे सुटताना दिसतात. उंच इमारतीमागे हवेतही तसेच होते. भोवरा ज्या बाजूने सुटतो, त्या बाजूला इमारत किंचित खेचली जाते. त्यामुळे वारा पश्चिमेकडून येत असला, तरी इमारत उत्तर-दक्षिण डोलू शकते. भोवरे सुटण्याची लय आणि इमारतीची स्वतःची डोलण्याची लय जुळली, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावे तसे डोलणे वाढत जाते.

शेजारी आला की काय होते?

आता या इमारतीच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेला, दुसरी तेवढीच उंच इमारत उभी आहे असे समजा.

पहिला परिणाम अपेक्षित तोच, म्हणजे आडोसा. पुढची इमारत वाऱ्याचा बराचसा रेटा स्वतः घेते आणि मागचीवरचा सरासरी दाब घटतो. दोन्ही खूप जवळ असतील, तर मागची इमारत चक्क पुढच्या इमारतीकडे ओढलीही जाऊ शकते.

दुसरा परिणाम आडोशात लपलेला असतो. पुढच्या इमारतीमागे सुटलेले भोवरे मागच्या इमारतीवर येऊन आदळतात. सरासरी वारा कमी, पण त्यातला चढउतार मोठा. एका क्षणी जवळजवळ शांत, पुढच्या क्षणी जोराचा फटका, तोही कधी डाव्या अंगावर, कधी उजव्या. घाटात दुचाकीवरून जाताना मोठ्या ट्रकच्या मागे असेपर्यंत वारा लागत नाही, पण हँडल मात्र थरथरत राहते. ओव्हरटेक करायला ट्रकच्या सावलीतून बाहेर पडावे, तर एकदम अंगावर झोत येतो आणि तोल सांभाळावा लागतो. इमारतीला बाजूला सरकता येत नाही. वारा दिशा बदलतो, आणि आडोसा तिच्यावरून सरकत जातो.

तिसरा परिणाम फटीचा. दोन इमारतींमधल्या अरुंद जागेत शिरलेली हवा वेगाने पुढे जाते आणि त्या फटीकडच्या भिंतींवर, खिडक्यांवर ओढ वाढते. मागे तिसरी इमारत असेल, तर हा झोत नेमका तिच्यावर पडतो.

गंमत म्हणजे, मागे नव्याने उभी राहिलेली इमारतही पुढच्या इमारतीवर परिणाम करू शकते. पुढचीच्या पाठीशी भोवरे कसे सुटतात, हे मागची इमारत किती जवळ आहे यावरही ठरते. त्यामुळे शेजाऱ्याने नेहमी वाऱ्याच्या दिशेला असलेच पाहिजे, असे नाही.

अंतर, उंची, आकार आणि वाऱ्याची दिशा या चार गोष्टींच्या मेळावर सगळे ठरते. म्हणून शेजार चांगला की वाईट याचे एकच उत्तर नाही. तीच जोडी एका दिशेच्या वाऱ्यात एकमेकींना सांभाळते आणि वीस अंशांनी वारा वळला की त्यांच्यातली एक अडचणीत येते.

चौकशीत काय निघाले?

फेरीब्रिजच्या बाबतीत चुका एकाहून जास्त होत्या आणि त्या एकमेकींवर चढल्या.

मनोऱ्यांचा आराखडा करताना वाऱ्याचा जो वेग धरला होता, तो मिनिटभराच्या सरासरीचा होता. त्या मिनिटातल्या काही सेकंदांचे झोत सरासरीपेक्षा बरेच जास्त असतात, हे हिशेबात आले नव्हते. शिवाय भार ठरवताना मनोरा एकटा, मोकळ्या मैदानात उभा आहे असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तिथे आठ मनोरे दाटीने उभे होते. पुढच्या रांगेने ढवळलेला वारा फटींमधून मागच्या रांगेवर येत होता.

त्यात मनोऱ्याची भिंत फार पातळ. बहुतेक उंचीवर तिची जाडी जेमतेम पाच इंच होती. व्यासाच्या मानाने पाहिले, तर हे कवच कोंबडीच्या अंड्याच्या टरफलापेक्षाही पातळ होते. भिंतीत सळयांचा थरही एकेरीच होता.

खरा घात मात्र वजाबाकीने केला. वारा मनोऱ्याच्या समोरच्या बाजूला वर खेचू पाहतो आणि मनोऱ्याचे स्वतःचे वजन त्याला खाली दाबून धरते. या दोन्हींत जो फरक उरतो, तेवढाच ताण आतल्या लोखंडी सळयांवर येतो. समजा, वाऱ्याची ओढ १०० आहे आणि वजन ८० इतके दाबते आहे. सळयांना २० पेलायचे आहेत. आता वाऱ्याची ओढ फक्त वीस टक्क्यांनी वाढून १२० झाली. वजन ८० च राहिले. सळयांवरचा ताण २० वरून ४० वर गेला, म्हणजे दुप्पट झाला. वारा थोडा वाढला, की ताण खूप वाढतो. सळयांच्या ताकदीत ठेवलेली नेहमीची सूट अशा ठिकाणी फसवी ठरते. भार किती चुकू शकतो, याचा विचार वजाबाकी करण्यापूर्वी, वारा आणि वजन यांच्यासाठी वेगवेगळा करावा लागतो. पुढे जगभरच्या बांधकाम-मानकांनी स्वीकारलेल्या नव्या पद्धतीत हा विचार रुजला. अभियांत्रिकीच्या वर्गांत तो समजावताना आजही फेरीब्रिजचे उदाहरण दिले जाते.

म्हणजे शेजाऱ्यांनी वाढवलेला वारा हा एकटा गुन्हेगार नव्हता. पण ज्या रचनेत आधीच फारशी सवड नव्हती, तिच्यावर तो येऊन पडला, आणि नेमका तिथे पडला जिथे आडोसा मिळेल असे कोणालाही वाटले असते.

बोगद्यातले छोटे शहर

त्याच १९६५ साली कॅनडात, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात, अ‍ॅलन डेव्हनपोर्ट या अभियंत्याने एक वेगळ्या धर्तीची विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा उभारला. डेव्हनपोर्ट यांचा जन्म १९३२ चा, तत्कालीन मद्रासचा. विमानांसाठीच्या बोगद्यांत हवा शक्य तितकी गुळगुळीत वाहती ठेवतात. जमिनीवरचा वारा तसा नसतो. तो झाडे, टेकड्या, घरे यांना घासत येतो. म्हणून खाली मंद आणि खडबडीत, तर वर वेगवान असतो. डेव्हनपोर्ट यांच्या बोगद्यात हा जमिनीवरचा वारा तयार करण्याची सोय होती. अमेरिकेत कोलोराडो स्टेट विद्यापीठात जॅक सर्माक हेच काम करत होते.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११० मजली जुळ्या मनोऱ्यांच्या चाचण्यांसाठी हे दोघे एकत्र आले. बोगद्यात फक्त मनोऱ्यांची प्रतिकृती न ठेवता भोवतालच्या मॅनहॅटनची छोटी प्रतिकृतीही मांडली गेली. प्रत्येक मनोऱ्याला सगळ्यांत मोठा शेजारी त्याचाच जुळा भाऊ होता. डोलणे आटोक्यात ठेवण्यासाठी पुढे प्रत्येक मनोऱ्यात सुमारे १०,००० डँपर बसवले गेले.

आजही पद्धत तीच आहे. साधारण तीनशे ते पाचशे पटींनी लहान केलेली इमारतीची प्रतिकृती एका फिरत्या तबकडीवर ठेवतात. तिच्या भिंतींवर शेकडो बारीक छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रातून दाब मोजला जातो. भोवती काहीशे मीटर परिसरातल्या सगळ्या इमारती फोम किंवा लाकडाच्या करून मांडतात. मग तबकडी दहा-दहा अंशांनी फिरवत ३६ दिशांचा वारा सोडून पाहतात. चांगल्या चाचणीत हा खेळ दोनदा होतो. एकदा आजचा परिसर मांडून आणि एकदा उद्या तिथे येऊ घातलेल्या इमारती मांडून. कधी शेजारची एखादी इमारत काढूनही पाहतात, कारण आज आडोसा देणारी जुनी इमारत उद्या पाडली जाऊ शकते. अशा चाचण्यांची सोय आपल्याकडे रुरकीच्या आयआयटीत आणि चेन्नईच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरमध्ये आहे.

भारतीय मानकातला शेजारी

आपल्याकडे इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५, भाग ३ हे मानक वापरले जाते. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत उंच इमारतींसाठी शेजाराचा एक गुणक दिला आहे. शेजारची उंच इमारत किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला आहे, त्यानुसार परिसराचे चार पट्टे केले आहेत. सर्वांत त्रासदायक पट्ट्यात गुणक १.३५ आहे, मग १.२५, १.१५ आणि शेवटी १.०७. एकट्या इमारतीसाठी काढलेला वाऱ्याचा भार या आकड्याने गुणायचा. १९८७ च्या आवृत्तीत असा आकड्यांचा तक्ता नव्हता.

हे चारही आकडे एकापेक्षा मोठे आहेत. आडोशाची सूट त्यांत कुठेच नाही.

१.३५ चा अर्थ काय? वर काढलेला साडेदहा टनांचा भार सव्वाचौदा टनांवर जातो. दुसऱ्या तऱ्हेने पाहू. भार १.३५ पट होण्यासाठी वाऱ्याचा वेग सुमारे सोळा टक्क्यांनी वाढावा लागतो. म्हणजे मुंबईचा ४४ मीटरचा वारा ५१ मीटरचा झाल्यासारखे. कोलकात्यासाठी मानकाने धरलेला वेग ५० मीटर आहे. एक अडचणीच्या जागी उभा राहिलेला शेजारी, वाऱ्याच्या दृष्टीने, मुंबईतली इमारत उचलून बंगालच्या उपसागराजवळ नेऊन ठेवू शकतो.

हे गुणक सर्वसाधारण आकारांसाठीचे आहेत. फार उंच किंवा वेगळ्या आकाराच्या इमारतींसाठी विंड टनेलच हवी. उंच इमारतींसाठीच्या आयएस १६७०० या २०१७ च्या मानकाने १५० मीटरच्या वरच्या इमारतींसाठी अशी चाचणी सांगितली आहे.

काचा, खडे आणि फुटपाथ

आराखडा नीट केलेली इमारत वाऱ्याने सहसा पडत नाही. आधी जाते तिचे बाहेरचे आवरण. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात मे २०२४ मध्ये गडगडाटी वादळाच्या वाऱ्याने शहराच्या मध्यभागातल्या अनेक उंच इमारतींच्या काचा फुटल्या. दोनच महिन्यांनी त्याच शहरावरून ‘बेरिल’ चक्रीवादळ गेले, तेव्हा त्या इमारतींचे तेवढे नुकसान झाले नाही. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी याचा अभ्यास केला. मे महिन्यातला वारा ढगातून खाली कोसळून जमिनीवर पसरणारा होता. त्याने दाट उभ्या इमारतींच्या मधल्या जागांत शिरून भिंतींवरची ओढ वाढवल्याचे त्यांना दिसले.

त्याआधी १९८३ मध्ये ‘अलिशिया’ चक्रीवादळात ह्यूस्टननेच शेजाराचा आणखी एक धडा घेतला होता. तेव्हा काही इमारतींच्या गच्च्यांवर बारीक खडी पसरलेली असे. वाऱ्याने ती उचलली आणि शेजारच्या काचांवर मारली. आपल्याकडच्या गच्च्यांवर खडी नसते, पण सुटे पत्रे, टाकीची झाकणे, कुंड्या आणि ताडपत्रीवर ठेवलेल्या विटा असतात. वादळाचा इशारा आला, की आधी गच्ची मोकळी करणे हाही शेजारधर्मच आहे.

रस्त्यावरच्या माणसालाही या शेजाराची झळ लागते. उंच इमारतीच्या दर्शनी भागावर आदळलेला वरचा वेगवान वारा भिंतीवरून खाली घसरतो आणि कोपऱ्यांवरून झपाट्याने बाहेर पडतो. फेरीब्रिजपासून फार दूर नसलेल्या लीड्स शहरात २००७ मध्ये ३२ मजली ‘ब्रिजवॉटर प्लेस’ उभी राहिली. भोवतालच्या बुटक्या वस्तीत ती एकटी उंच. मार्च २०११ मध्ये तिच्या पायथ्याशी वाऱ्याने एक अवजड वाहन उलटले आणि त्याखाली सापडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर जोराच्या वाऱ्यात तिथला रस्ता बंद ठेवण्याची वेळ आली आणि पुढे वारा अडवणारे मोठे पडदे बसवावे लागले.

डोलणारे घर आणि डोके

इमारत सुरक्षित आहे, एवढ्याने तिच्यात राहणाऱ्याचे समाधान होईलच असे नाही. १९६५ मध्येच अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या यूजीन गावी पॉल हॉफमन या मानसशास्त्रज्ञाने एक अजब प्रयोग केला. मोफत डोळे तपासून मिळतील असे सांगून लोकांना बोलावले. तपासणीची खोली प्रत्यक्षात चाकांवर होती आणि ती लोकांच्या नकळत हळूहळू हलवली जात होती. काही क्षणांतच लोकांना गरगरू लागले, पाय अस्थिर झाले. हा प्रयोग वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आराखड्यासाठीच होता. माणूस अपेक्षेपेक्षा फार कमी हालचाल ओळखतो, हे त्यातून कळले.

आपल्या कानातला तोलाचा अवयव वेग ओळखत नाही, वेगातला बदल ओळखतो. म्हणून एकसारख्या धावणाऱ्या गाडीत काही वाटत नाही, पण सावकाश डोलणाऱ्या खोलीत मळमळते. डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात आणि कान सांगतो की आपण हलतो आहोत. मग डोके जड होणे, झोपाळलेपणा, कामात लक्ष न लागणे अशा तक्रारी सुरू होतात. बस लागते, त्याचाच हा सौम्य प्रकार. आयएस १६७०० मध्ये निवासी इमारतींसाठी या हालचालीची मर्यादा दर सेकंद वर्गाला ०.१५ मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीड टक्का, इतकी ठेवली आहे. शेजारच्या टॉवरचे भोवरे आदळू लागले, तर सर्वांत आधी बदलते ते हे डोलणे. इमारतीला धोका नसतानाही वरच्या मजल्यावरच्या घरात पावसाळ्यातले काही दिवस नकोसे होऊ शकतात.

उद्याचा शेजारी कोण मोजणार?

आता मुंबईकडे पाहू. परळ, लोअर परळ, वरळी, महालक्ष्मी भागांत गिरण्यांच्या जागी उंच टॉवर आले. पहिला टॉवर उभा राहिला, तेव्हा भोवती दोन-चार मजली चाळी आणि गिरण्यांच्या शेड होत्या. आराखडा त्या परिसराला धरून झाला. दहा-पंधरा वर्षांनी शेजारची चाळ पुनर्विकासाला गेली आणि तिथे तेवढाच किंवा आणखी उंच टॉवर आला. पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईतही हेच घडते आहे.

नव्या टॉवरचा अभियंता जुना टॉवर लक्षात घेतो, कारण तो डोळ्यांसमोर उभा आहे आणि २०१५ चे मानक तसे सांगते. पण नव्याने जुन्यावर किती भार वाढवला, हा हिशेब कोणी करायचा? जुन्या टॉवरचा बिल्डर कधीच निघून गेलेला असतो. सोसायटीला असा काही प्रश्न असतो, हेच माहीत नसते. जमिनीचा सातबारा असतो, दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडायचे याचे नियम असतात. ते अंतर मुख्यतः उजेड, मोकळी हवा आणि अग्निशमन दलाची गाडी फिरण्यासाठी मोजले जाते. वाऱ्याच्या भोवऱ्यांसाठी लागणारे अंतर त्याहून बरेच मोठे असते. इमारतीच्या रुंदीच्या कित्येक पट पुढेही भोवरे जिवंत असतात.

यात घाबरून जाण्यासारखे काही नाही. आराखड्यात भार वाढवून आणि सामग्रीची ताकद कमी धरून सवड ठेवलेली असते, आणि बहुतेक वेळा शेजाराने वाढवलेला भार तिच्यात सामावतो. पण ती सवड खराब काँक्रीट, गंजलेल्या सळया, अनपेक्षित वादळ अशा इतर चुकांसाठीही असते. शेजाऱ्याने ती वापरून टाकली, तर बाकीच्यांसाठी किती उरली हे माहीत असलेले बरे. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळात कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेले. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावरून गेलेल्या वादळाचा हा वारा होता.

सोसायट्यांना काही साधी पावले उचलता येतात. इमारतीचे मूळ स्ट्रक्चरल आराखडे आणि विंड टनेलचा अहवाल असेल तर तो जपून ठेवावा. शेजारी मोठा टॉवर येणार असल्याचे कळले, की त्या प्रकल्पाच्या वाऱ्याच्या अभ्यासात आपली इमारतही मोजली आहे का, असे लेखी विचारावे. विंड टनेलमधल्या तबकडीवर आपली इमारत फोमचा ठोकळा म्हणून ठेवलेलीच असते. तिच्यावरही दाब मोजायचा, एवढेच वाढीव काम असते. नियमित स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये खांब-तुळयांबरोबर काचा, त्यांच्या चौकटी, बाहेरचे पत्रे आणि ग्रिल यांच्या पकडीही तपासून घ्याव्यात, विशेषतः कोपऱ्यांच्या आणि नव्या टॉवरकडे तोंड असलेल्या. शेजारी इमारत आल्यापासून वाऱ्यात डोलणे किंवा काचांचा आवाज वाढला असेल, तर तारीख-वेळेसह त्याची नोंद ठेवावी. अभियंत्याला अशा नोंदीचा फार उपयोग होतो.

महापालिकांनाही हे अवघड नाही. लंडनच्या ‘सिटी’ भागात नव्या उंच इमारतीला परवानगी मागताना रस्त्यावरच्या वाऱ्याचा अभ्यास द्यावा लागतो. तिथे भोवतालच्या मंजूर पण अजून न बांधलेल्या इमारतीही धराव्या लागतात. आपल्याकडे कोणत्या भूखंडावर किती उंचीची परवानगी दिली, ही माहिती महापालिकेकडे असतेच. ती अभियंत्याच्या टेबलापर्यंत वेळेवर पोहोचली, तर उद्याचा शेजारी आजच तबकडीवर ठेवता येईल.

फेरीब्रिजचे पडलेले तीन मनोरे अधिक भक्कम करून पुन्हा बांधले गेले, उरलेल्या पाचांनाही बळकटी दिली गेली. त्यानंतर अर्धशतकभर त्या आठांनी यॉर्कशायरचे वारे झेलले. २०१६ मध्ये वीजकेंद्र बंद झाले आणि २०१९ ते २०२२ या काळात ते मनोरे टप्प्याटप्प्याने सुरुंग लावून पाडण्यात आले. दुसऱ्यांदा ते पडले, ते माणसाने ठरवलेल्या दिवशी. मधल्या पन्नास वर्षांत वाऱ्याला ते जमले नाही, कारण या वेळी हिशेबात शेजारी धरलेला होता.